वीतभर रेघ

चार जहाजांना एकच नाव ठेवणाऱ्या माणसाला एकदा समोर बसवून विचारायचं होतं, की बाबा रे, नावांचा दुष्काळ पडला होता का? पण मालक लोक गोदीत येत नाहीत. त्यांचे फोटो येतात, कॅलेंडरवर.

मॅगेलन एक, मॅगेलन दोन, मॅगेलन तीन, मॅगेलन चार. म्हणे शाळेच्या पुस्तकात त्यानं त्या दर्यावर्द्याचं चित्र पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं, आपण जहाजं घेतली तर हेच नाव. घे बाबा. पण चार पोरांचं नाव एकच ठेवल्यावर हाकेला ओ देणार कोण? शेवटी आम्ही गोदीतल्यांनीच सोय लावली. थोरली, मधली, तिसरी, धाकटी. ऑफिसातले साहेबसुद्धा फोनवर विचारायचे, "मधली पाण्यात सोडली का रे?"

माझ्या बायकोला ते नावच पटलेलं नव्हतं. 

"पाच जहाजं घेऊन निघाला होता तो," मी तिला ऐटीत सांगायचो. "जगाला वळसा घातला त्याच्या जहाजानं. काय समजलीस?"

"पाच परत आली?"

"वळसा पुरा करून एकच आलं."

"आणि तो स्वतः?"

"तो... वाटेत गेला."

"मग मी काय म्हणतेय!" असं म्हणून ती आत निघून जायची. बायकांशी वाद घालू नये हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं, तरी खोड जात नाही.

मी रंगारी. भिंतींचा नाही, जहाजांचा. त्यातही पोट रंगवणारे वेगळे, मी अक्षरांचा आणि आकड्यांचा. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, जहाज किती खोल बसलंय ते दाखवणारे पुढचे-मागचे आकडे, आणि मधोमध दोन्ही कुशींवर ती रेघ. बाहेरचे लोक तिला भाररेषा म्हणतात. एक वर्तुळ आणि त्यातून आडवी गेलेली रेघ. माल भरत जाल तसं जहाज खाली बसत जातं. पाणी रेघेला टेकलं की बस, त्यापुढे एक पोतंसुद्धा चढवायचं नाही. ती रेघ म्हणजे जहाजाच्या जिवाचं माप आहे, आणि बत्तीस वर्षं ते माप माझ्या हातातून उतरत होतं. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू?

आमची मुलगी या आकड्यांवरच मोजायला शिकली. जहाजावर आकडे खालून वर चढत जातात, आणि तेही सम. दोन, चार, सहा, आठ, की पुढचा मीटर. शाळेत बाईंनी विचारलं तर ही दोनच्या पुढे थेट चार! तीन म्हणून काही असतं यावर तिचा विश्वासच नव्हता. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, घरी कोण शिकवतं? शिड्यांवरून अशी सरसर पळायची की अख्खी गोदी तिला खारूताई म्हणायची. तीच खारू आता सेकंड ऑफिसर आहे. खांद्यावर पट्ट्या आहेत, पण मी अजून खारूच म्हणतो.

आता जे झालं ते सांगतो.

चार महिन्यांपूर्वी तिसरी गोदीत आली. दोन्ही कुशींचे पत्रे गंजून असे झाले होते की बोट लावलं तर खपली निघावी. ते कापून नवे बसवले. त्या जुन्या पत्र्यांबरोबर रेघही गेली, दोन्ही बाजूंची. म्हणजे मला कोऱ्या पत्र्यावर ती नव्यानं काढायची होती. डेकच्या कडेपासून किती खाली यायचं ते प्रत्येक जहाजाचं ठरलेलं असतं, ऑफिसात त्याचा कागद असतो. पण कागद ज्या कपाटात होता त्याची किल्ली घेऊन कारकूनबाई रजेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीत पाणी सोडून जहाज तरंगवायचं होतं. फोरमन माझ्या डोक्यावर बसला होता.

"अरे, आज नाही झालं तर जहाज आठ दिवस अडकेल! काय पाहिजे तुला?"

"माप पाहिजे."

"मधलीचं आहे ना तुझ्याकडे?"

होतं. महिन्यापूर्वीच मधली येऊन गेली होती, तिचा कागद माझ्या खोलीत खिळ्याला अडकवलेला होता. आमच्याकडे पद्धतच होती तशी, थोरलीचे कपडे धाकटीला. नावाची अक्षरं एकदाच पत्र्यात कापलेली, चारही जहाजांना तीच लावायची. आकड्यांचे साचे तेच. रंगसुद्धा उरला की पुढच्या बहिणीला. बारा वर्षांत कधी फरक पडला नव्हता. एकाच साच्यातल्या चौघी, मी मनात म्हटलं, माप तरी वेगळं कशाला असेल?

फोरमननं मला ढकललं असं मी म्हणणार नाही. कागद खिळ्यावरून मी काढला.

एक मीटर बासष्ट. मी दोनदा मोजलं, माझी सवयच आहे. खडूनं आखलं, वेल्डरनं त्यावर लोखंडाची उठावदार रेघ चढवली, मी पांढरा रंग दिला. संध्याकाळी रेघ तपासायला सर्वेअर आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून फळीवरून चालणारा माणूस. त्यानं विचारलं, "माप किती?" मी माझा कागद पुढे केला. त्यानं टेप लावली, बरोबर एक मीटर बासष्ट. सही करून गेला. म्हणजे पेपरही माझा आणि उत्तरंही माझीच, पास होणारच.

पुढे खारूला कंपनीनं विचारलं, थोरलीवर जातेस की तिसरीवर? तिनं मला फोन केला. मी म्हटलं, "डोळे मिटून तिसरी घे. नवे पत्रे आहेत, आणि रेघ तुझ्या बापाच्या हातची आहे."

तिला तिसरीवर चढून बारा दिवस झाले होते.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कारकूनबाई माझ्या खोलीत आल्या. हातात एक पिवळा कागद.

"काका, कपाट आवरत होते. हा तिसरीचा. तेव्हा तुम्हाला लागणार होता ना? राहिलाच बघा माझ्याकडे."

"ठेवा," मी म्हटलं. ब्रश हातात होता. त्या गेल्या. मी सहज नजर टाकली.

एक मीटर पंच्याऐंशी.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या जहाजाच्या माल भरायच्या तोंडांवरची झाकणं जुन्या पद्धतीची आहेत, म्हणून हिनं बाकीच्यांपेक्षा पाण्याच्या जास्त वर राहायचं. तेवीस सेंटिमीटर. मी हात पसरून भिंतीवर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत. माझी रेघ वीतभर वर होती. वीतभर जहाज जास्त खाली जाणार. वीतभर म्हणजे किती, हे मला लगेच कळलं, बत्तीस वर्षं गवत नाही कापलं मी. सव्वातीनशे टन.

मी रंगाच्या डब्यावर बसलो. मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरलोय, शिडीवरून पडलोय, एकदा दोराला लटकलोय, पण ती भीती अंगाला असते. ही भीती माझ्या पोरीसाठी होती.

तिसरी त्या वेळी वरच्या बंदरात खनिज भरत होती, इथून पाच तासांच्या अंतरावर. अकराला सुटणार होती, आमच्या बंदरावरून पुढे जाणार होती. मी खारूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. माल भरताना ती फोन केबिनमध्ये ठेवते, मीच तिला शिकवलंय, कामावर फोन नको म्हणून.

मी कागद घेऊन फोरमनकडे धावलो. त्यानं वाचलं, दार लावलं, आणि पुन्हा वाचलं. आम्ही दोघं एकाच वर्षी गोदीत लागलेलो. त्याच्या लग्नात मी नाचलोय.

"खाली बस," तो म्हणाला.

"बसायला वेळ नाही. वरच्या बंदराला कळव, भरणं थांबवा म्हणावं."

"आणि काय सांगू? की आमच्या रंगाऱ्यानं दुसऱ्या जहाजाचं माप लावलं? की मीच म्हटलं मधलीचं लाव? सर्वेअरची सही आहे त्यावर. तो जाईल, मी जाईन, तू तर जाशीलच. कंपनी चारही जहाजं दुसऱ्या गोदीत नेईल. अडीचशे माणसं आहेत इथं."

"माझी पोरगी आहे तिथं!"

"हळू बोल. अरे, एका दिवसाचा तर प्रवास. हवा बरी आहे. उद्या सकाळी पोचेल, माल उतरवेल. पुढच्या वेळी डॉकला आली की आपण गुपचूप रेघ खाली सरकवू. कुणाला पत्ता लागणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जहाजं काय वीतभरानं बुडतात? तूच सांग."

आणि इथं मला जे सांगायचंय ते मला कुणालाच सांगावंसं वाटत नाही. मी गप्प बसलो. क्वार्टर गोदीचं आहे, निवृत्तीला तीन वर्षं आहेत, हे सगळं त्या एका मिनिटात डोक्यात येऊन गेलं. पण खरं कारण तेही नव्हतं. बत्तीस वर्षांत माझी एकही रेघ चुकली नव्हती, आणि अख्ख्या बंदरानं हे ऐकावं, एवढी माझी छाती नव्हती. मी मनाला समजावलं, हवा बरी आहे. वीतभरानं काय होतंय. मी परत माझ्या जागी गेलो आणि एका मासेमारी बोटीचं नाव रंगवायला लागलो. तीन अक्षरं पुसून पुन्हा काढली. दूर कुठेतरी घड्याळात अकराचे ठोके पडले तेव्हा मी मान वर केली नाही.

एक वाजता बायकोचा फोन आला. डबा खाल्ला का विचारायला, तिचा रोजचा.

"अहो, मघाशी खारूचा फोन आला होता. तुमचे दोन फोन चुकले म्हणाली, परत लावला तर तुमचा लागेना."

मध्ये थोडा वेळ मी एका जहाजाच्या पोटाखाली होतो. तिथं फोन लागत नाही. "काय म्हणाली?"

"सुटलं म्हणाली जहाज. आणि तुम्हाला निरोप दिलाय हो. काय बरं... हां. बाबाला सांग, पाणी बरोब्बर तुझ्या रेघेला टेकवलंय, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. खूश होईल म्हणाली." मग ती म्हणाली, "आता जरा वारा सुटलाय म्हणाली. अहो? ऐकताय ना?"

मी फोन कानाला तसाच धरून बाहेर आलो. क्रेनच्या टोकावरचं निशाण सकाळी लोंबत होतं. आता ते ताठ उभं होतं.

मी फोन खिशात टाकला आणि धावलो. छप्पन्न वर्षांचा माणूस जसा धावेल तसा, एका हातात पिवळा कागद आणि दुसऱ्या हातात अजून ब्रश. धक्क्याच्या टोकाला बंदराची रेडिओ खोली आहे, वर जायला चाळीस पायऱ्या. वर रेडिओवाली बसलेली असते, तिनं खारूला लहानपणापासून पाहिलंय.

"मॅगेलन तीनला बोलव," मी म्हटलं.

"काका, आधी पाणी प्या. काय झालंय?"

मी कागद तिच्यापुढे टाकला आणि दोन वाक्यांत सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, हे सगळे ऐकतात हं. प्रत्येक जहाज, टग, मच्छीमार. ऑफिसातून रीतसर..."

"ऐकू दे. लाव तू."

तिनं लावलं. खरखर झाली आणि एक जाड आवाज आला, "मॅगेलन तीन. बोला."

तो कॅप्टन होता. मी म्हटलं, तुमच्या जहाजावरची रेघ मी काढली, ती चुकीची आहे. वीतभर वर आहे. माप मधलीचं लावलंय. तुमच्यात सव्वातीनशे टन जास्त आहेत. जवळच्या बंदरात घ्या, इकडे या.

मग खारूचा आवाज आला. ती कॅप्टनच्या शेजारीच उभी असणार.

"बाबा, पुस्तकात माप वेगळं होतं."

"काय?"

"जहाजाच्या पुस्तकात. वीतभर खाली होतं. कॅप्टनसाहेबांनी सकाळी विचारलं मला, पुस्तक एक म्हणतंय आणि रेघ एक, कुणाचं ऐकायचं? मी म्हटलं, पुस्तक जुनं आहे, पत्रे बदलल्यावर नवं माप झालं असेल. मी म्हटलं, रेघ माझ्या बाबानं काढलीय."

रेडिओवालीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग कॅप्टन बोलला. चिडला नव्हता, तेच वाईट होतं. "हे तुम्हाला किती वाजता कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हटलं असतं तर कोण पुरावा मागणार होतं?

"दहाला," मी म्हणालो.

"आम्ही अकराला सुटलो."

"हो."

"आता एक वाजून वीस मिनिटं झालीत," तो म्हणाला, आणि रेडिओ बंद झाला.

त्यानंतरचे चार तास मी त्या खोलीत होतो. तिसरी आमच्याकडे यायला निघाली होती, पण वारा आडवा होता. भरलेलं जहाज आडव्या लाटेत जड होतं, कूस वर येत नाही. हे मला माहीत होतं आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं. दर अर्ध्या तासानं खारू बोलायची. कामाचंच, आकडे. वेग एवढा, दिशा एवढी. अडीचला म्हणाली, पुढच्या झाकणावरून पाणी जातंय. तीनला म्हणाली, झाकणाच्या फटीतून आत शिरतंय, पंप लावलाय. ओल्या खनिजाचं काय होतं तेही मला माहीत होतं. ते चिखल होतं आणि एका बाजूला सरकतं, आणि एकदा सरकलं की जहाजाला सरळ होता येत नाही.

सव्वातीनला बायको आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार, बंदरात गोष्ट पसरायला वेळ लागतो होय? चाळीस पायऱ्या चढून आली आणि दारात उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. त्या मॅगेलनचं काढेल, आणि मी ऐकून घेईन, कारण त्या वेळी कुणीतरी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बोलत राहा हो तिच्याशी. थांबू नका."

"काय बोलू?"

"काहीही."

साडेतीनला खारूनं सांगितलं की जहाज डावीकडे चार अंश कललंय. आवाज बारीक झाला होता. पंधरा वर्षांची असताना ताप चढला की तिचा आवाज असा व्हायचा. मी बटण दाबलं.

"खारू, आकडे वाच."

"काय?"

"पुढचे आकडे दिसतायत का? पाणी कुठं आहे? वाच."

"बाबा, लाटा आहेत, काय दिसणार?"

"लाट खाली गेली की दिसेल. दरवेळी वाच. थांबू नकोस."

आणि ती वाचायला लागली. सहा. मग चार. सहा. आठ, आठ, सहा. खाली बंदरात जहाजं ओढणारे टगवाले, मच्छीमार, सगळे आपापल्या रेडिओवर ते ऐकत होते, कुणी मध्ये बोललं नाही. माझ्या हातचे आकडे होते ते, आणि माझी पोरगी ते वाचत होती. मी प्रत्येक आकड्याला जीव मुठीत धरून बसलो होतो. मध्येच ती दोन मिनिटं गप्प झाली. ती दोन मिनिटं मी इथं लिहू शकत नाही. बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. मग रेडिओ खरखरला. "सहा," ती म्हणाली.

चारच्या सुमारास फोरमन वर आला. माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं, रेडिओवालीकडेच पाहून बोलला.

"दोन्ही टग बाहेर काढलेत. मीच सांगितलं." आणि जाता जाता, "साहेबांना कळवलंय मी. सगळं."

तो खाली गेला. त्याच्याबद्दल काहीही बोलायचा माझा हक्क सकाळीच गेला होता.

साडेपाचला ती दिसली. बंदराच्या तोंडाबाहेर, करड्या पाण्यात, एका बाजूला झुकलेली. लाट आली की पुढचं सगळं तोंड बुडायचं, माझ्या हातची पांढरी अक्षरं पाण्यात जायची. मग नाव वर यायचं, पाणी गाळत. पाच-सहा वेळा असं झालं. मला त्या क्षणी देव आठवला नाही, तो दर्यावर्दी आठवला. मी त्याला म्हटलं, तू नाही आलास घरी, ठीक आहे, पण हिला येऊ दे.

दोन्ही टग तिला चिकटले, एक इकडून, एक तिकडून, आणि म्हाताऱ्या माणसाला दोघांनी दंडाला धरून आणावं तसं तिला आत आणलं. बंदराच्या भिंतीच्या आड आल्यावर तिचं हेलकावणं एकदम थांबलं. बायको तेव्हा रडली. मी नाही, मला पायऱ्या उतरायच्या होत्या.

खारू शिडीवरून सर्वांत शेवटी उतरली. डोक्यापासून पायापर्यंत ओली, ओठ निळे. आईनं तिला मिठीत घेतलं. माझ्याकडे तिनं पाहिलं, आणि नुसती मान हलवली, जशी कामावरच्या माणसाला हलवतात. एवढंच. मी म्हटलं, पोर थकली असेल.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनशेहून जास्तच टन उतरवून घेतले. झाकणं दुरुस्त करायची होती, आणि रेघ. वरून दुसरा सर्वेअर आला, हा चिखलात उतरणारा होता. मला रेघेच्या कामावरून काढलं होतंच, चौकशी होणार होती, व्हायलाच हवी. पण त्या आठवड्यात दुसरा अक्षरवाला नव्हता, म्हणून सर्वेअर म्हणाला, हा काढेल, मी समोर उभा राहतो.

तराफ्यावर आम्ही तिघं होतो. मी, सर्वेअर, आणि जहाजातर्फे खारू. जुनी रेघ घासून काढली. नवीन आखली, एक मीटर पंच्याऐंशी. मी दोनदा मोजलं. सर्वेअरनं पिवळा कागद माझ्याकडून घेतला नाही, स्वतःचा आणला होता. त्यानं मोजलं. बरोबर आहे म्हणाला.

खारू म्हणाली, "टेप द्या जरा."

लहानपणापासून ती माझ्या रेघा बघत आली. बोट लावून बघायची, रंग वाळला का म्हणून. कधी मोजली नव्हती. मी टेप तिच्या हातात दिली. तिनं एक टोक डेकच्या कडेला धरायला वर एका खलाशाला दिलं, दुसरं स्वतः धरलं. आकडा वाचला. मग खलाशाला म्हणाली, सोडा, पुन्हा धरा. पुन्हा वाचला.

सर्वेअर शिडीनं वर गेला. आम्ही दोघंच राहिलो. पाणी तराफ्याखाली चुबकत होतं.

"बाबा, दहाला कळलं होतं ना तुला?"

"हो."

"दोन फोन केलेस. मग?"

मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. रात्रभर तेच केलं होतं. फोरमन, क्वार्टर, अडीचशे माणसं. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळी गळून गेली.

"घाबरलो," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील म्हणून."

मग तिनं टेप पुन्हा उलगडली आणि टोक माझ्या हातात दिलं. "धर," ती म्हणाली. मी शिडीवर चढलो आणि डेकच्या कडेला टोक दाबून धरलं. खाली ती वाकून आकडा वाचत होती, तिसऱ्यांदा.

"मोज," मी वरून म्हणालो. "यापुढे दरवेळी मोज, खारू."

"मोजणारच आहे," ती म्हणाली.